शरीर माझं आहे, मग स्टेरॉइड घ्यायचे की नाही हे मीच ठरवायला नको का?

तू लिहिलंयस की वय २३, कोपरखैरण्यात तीन वर्षं जिम चालू आहे, ट्रेनर म्हणतो बारा आठवड्यांची एक सायकल, म्हणजे ठरावीक आठवडे स्टेरॉइड घेऊन मग थांबणं, मारून टाक, आणि घरचे विरोधात आहेत. शरीर माझं, पैसे माझे, मग बाकीच्यांचा संबंध काय, असा तुझा प्रश्न. हेच वाक्य मी २०११ साली कळव्यात ऐकलं होतं आणि तेव्हा मान डोलावली होती, म्हणून लिहायला बसलोय. वयाने लहान आहेस, अरे-तुरे करतो.

आधी हे घे. स्टेरॉइडने नुसतं पाणी चढतं, बाकी काही होत नाही, असं सांगणारे खोटं बोलतात. १९९६ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, दहा आठवडे. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं चरबी सोडून वजन दोन किलोच्या आसपास वाढलं. औषध घेऊन व्यायाम अजिबात न करणाऱ्यांचं तीन किलोच्या वर. दोन्ही करणाऱ्यांचं सहा किलो. म्हणजे घाम गाळणाऱ्याच्या पुढे बसून राहिलेला माणूस गेला. पोरांना खोटं सांगून घाबरवलं की ती जिममध्ये डोळ्यांनी उलटं बघतात आणि मग खरं सांगणाऱ्याचंही ऐकत नाहीत.

मी तेव्हा कळव्यातल्या एका जिममध्ये फ्लोअरवर ट्रेनर होतो. माझा मावसभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, रोज पहाटे खारेगावहून चालत यायचा. जिल्ह्याच्या स्पर्धेत ७० किलो गटात पाचवा आला. पुढचे चौघे माल घेतात हे स्टेजच्या खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आठवडाभर तो कुणाशी बोलला नाही आणि मग म्हणाला, "दादा, शरीर माझं आहे ना? मग तू फक्त टोच." जिमच्या मालकाचंही तेच म्हणणं, पोरगा सज्ञान आहे, आपण कोण अडवणारे.

पहिलं इंजेक्शन मीच दिलं. डिसेंबर होता. तेलातलं औषध थंडीत घट्ट होतं, म्हणून ॲम्प्युल मुठीत धरून गरम करत कपडे बदलायच्या खोलीत उभा राहिलो. तो बाकावर पालथा पडून मोबाईलवर कुठल्यातरी स्पर्धेचे फोटो बघत होता. सुई काढली तेव्हा "झालं पण?" म्हणून हसला. पुढच्या वर्षी दुसरा आला. ती ट्रॉफी मावशीने देव्हाऱ्याशेजारी ठेवली. मी २०१४ साली ती जिम सोडली, तोवर तो स्वतःच टोचायला शिकला होता.

२०१७ साली त्याचं लग्न झालं. पत्रिका जुळवली, पगार विचारला, रक्तगटसुद्धा विचारला. तो तेव्हाही घेत होता, कमी डोसवर वर्षभर, ज्याला जिममध्ये क्रूझ म्हणतात. मला माहीत होतं. मूल होईना, तेव्हा तपासण्या सुरू झाल्या त्या तिच्या. थायरॉईड, हार्मोन, एक दिवसाआड सोनोग्राफी, नळ्या मोकळ्या आहेत का बघायला रंग सोडून काढतात तो एक्स-रे. त्या एक्स-रेनंतर ती दिवसभर पोट धरून पडली होती, मावशीनेच सांगितलं. दोन वर्षं हे चाललं. त्याचा रिपोर्ट शेवटी काढला, त्यात काउंटच्या, म्हणजे शुक्राणूंच्या संख्येच्या, पुढे 'निल'.

मी ठाणे स्टेशनच्या पुलावर होतो तेव्हा तिचा फोन आला. "भावोजी, ह्यांना कसली इंजेक्शनं देत होतात?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग दोन वर्षं सगळे मला का तपासत होते?" आणि फोन ठेवला.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू समजतो पुरेसं आहे. मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच, म्हणजे अंडकोषांना कामाला लावणारी हार्मोन, यायची थांबतात, अंडकोष आपलं काम सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून हेच औषध तपासलं होतं, आठवड्याला २०० मिलिग्रॅम. १९९० साली निष्कर्ष आले, बहुतेकांचे शुक्राणू शून्यावर गेले होते. तुझ्या ट्रेनरने सांगितलेला डोस याच्याशी ताडून बघ.

भाऊ अजून म्हणतो, "दादा, टोचलंस तू, पण ठरवलं मी." त्याला २०२१ साली मुलगी झाली. इंजेक्शनं पूर्ण बंद, डॉक्टरांचे उपचार, दीड वर्ष वाट बघणं, त्यानंतर. त्याच्या लेखी वाद तिथे संपला. माझ्या लेखी नाही. मी त्याला विचारतो, ठरवलंस तेव्हा तुला काय माहीत होतं? मी लिव्हरचं बोललो, पिंपल्सचं बोललो, छातीला गाठ येते म्हणालो. शुक्राणूंचा विषय मी काढलाच नाही, ती माझी चूक, आणि ती मी घरात सगळ्यांसमोर कबूल केली आहे. पण लग्न ठरताना आपण इंजेक्शनं घेतोय हे त्याला माहीत होतं आणि समोर बसलेल्या मुलीला काहीच नाही. तिच्या दोन वर्षांचं कोणी ठरवलं? याला वैयक्तिक निर्णय म्हणायला मी तयार नाही.

आता काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. मी डॉक्टर नाही. भावाला व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाजवळच्या शिरा फुगणं, हेही होतं, डॉक्टरांच्या मते थोडा वाटा त्याचाही असू शकतो. बंद केल्यावर बहुतेकांचा काउंट परत येतो, कुणाचा काही महिन्यांत, कुणाचा वर्षा-दोन वर्षांत, काहींचा पूर्ण येत नाही. सायकलनंतर शरीराचं स्वतःचं हार्मोन परत सुरू व्हावं म्हणून घेतात त्या पीसीटीच्या गोळ्या ही हमी नव्हे. तपासणीत टेस्टोस्टेरॉन खरंच कमी निघालं म्हणून डॉक्टरांनी दिलं असेल, तर ती वेगळी गोष्ट. चांगलं कोलेस्टेरॉल घसरणं, रक्त घट्ट होणं, हृदयाची भिंत जाड होणं, यावर मी लिहिलं नाही, पण ते यापेक्षा लहान नाही. आणि ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, त्यामुळे ट्रेनरच्या बॅगेतल्या बाटलीत काय आहे हे त्यालाही सांगता येणार नाही.

तुला अडवणारा मी कोण? घ्यायचंच ठरवलं असेल तर आधी काउंट, लिपिड (रक्तातली चरबी), हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) तपासून रिपोर्ट जपून ठेव. लग्नाचं कुणाशी चाललं असेल तर तिला आज सांग. आणि ट्रेनरला विचार, त्याने स्वतःचा काउंट शेवटचा कधी तपासला आणि किती आला.