वाइन नासवणाऱ्या यीस्टवर करिअर होतं का?

"मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाइन नासवणाऱ्या यीस्टवर तिला काम करायचंय. आम्ही द्राक्ष बागायतदार, पण घरात दारूला कुणी शिवत नाही. यात पोट भरेल का? तिला प्यावं लागेल का?" – एक आई, निफाड

ताई, नमस्कार.

आधी दुसरा प्रश्न. वाइन चाखणारे घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात. वाइनमेकर व्हायचं तर चाखण्यावाचून सुटका नाही. प्रयोगशाळेत मात्र काम मुख्यतः पेट्रीडिशचं, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या चपट्या बशीचं, आणि नाकाचं.

तिनं निवडलेला विषय मला मनापासून आवडला. ब्रेटॅनोमायसीस हे यातलं सगळ्यात चिवट यीस्ट. ओक पिंपाच्या लाकडात काही मिलिमीटर आत जाऊन बसतं, धुतलं तरी निघत नाही. रेड वाइनमध्ये ते इथाइलफिनॉल नावाचं वासाचं रसायन तयार करतं. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम झालं, की वाइनला घोड्याच्या तबेल्याचा वास येतो. हे यीस्ट शोधायला सायक्लोहेक्सिमाइड हे बुरशीरोधक घातलेलं माध्यम (सूक्ष्मजीव वाढवायचं खाद्य) वापरतात, कारण त्यावर नेहमीचं वाइन यीस्ट वाढत नाही. पाच-सहा दिवस डिश कोरीच दिसते. घाई करणारा ती टाकून देतो. थांबणाऱ्याला मग टाचणीच्या डोक्याएवढे पांढरट ठिपके दिसतात आणि माध्यमात खडूची पूड असेल तर आम्लामुळे त्यांच्याभोवती स्वच्छ कडं उमटतं. तुमच्या लेकीला एवढा धीर आहे का, हे तुम्हीच जाणता.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त टोचतो. उन्हात द्राक्षं जास्त पिकली की आम्लता उतरते, पीएच चढतो आणि असली यीस्टं रोखायला वाइनमध्ये घातलेल्या तेवढ्याच सल्फर डायऑक्साइडचा धाक कमी पडतो.

आता पोटाचं. वायनरी मोजक्या आहेत, म्हणून फक्त वाइनवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. पण झायगोसॅकरोमायसीस बेली नावाचं यीस्ट बघा. ते गोड वाइन बाटलीत पुन्हा फसफसवतं, आणि सॉर्बेट-बेंझोएट या टिकवणाऱ्या रसायनांना दाद न देता फळांचे रस आणि सॉसही नासवतं. वाइनवर हात बसलेली मुलगी सॉस-सरबतांच्या कारखान्यातही उपयोगी पडते. म्हणून एम.एस्सी.ला तिनं अन्नाचं सूक्ष्मजीवशास्त्र धरावं. म्हैसूरची सीएफटीआरआय, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, बघावी. पुण्यात मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. प्रकल्पासाठी तिथे विचारावं.

यंदा जानेवारी ते मार्चचा हंगाम तिच्या परीक्षेच्या तयारीत जाईल, तो जाऊ द्या. पुढच्या दिवाळीनंतर तिनं स्वतः नाशिकच्या दोन-तीन वायनरींच्या प्रयोगशाळांना पत्र लिहावं: "पहिलं सत्र संपलं की मिळतील तेवढे दिवस येते, पिंपांचे नमुने घ्यायला शिकवा." होकार आला तर पहिल्या दिवशी तुम्हीही सोबत जा आणि ते काम डोळ्यांनी बघा.