डाळिंबाचा दाणा आणि दोन मशाली

प्रश्न : खारघरच्या आमच्या सोसायटीत मे महिन्याच्या सुट्टीत चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी अर्ध्या तासाचे बालनाट्य बसवायचे ठरले आहे. ग्रीक पुराणकथा घ्याव्यात असे काही पालकांनी सुचवले आणि हर्क्युलिस, राजा मिडास व पर्सेफनी अशी तीन नावे पुढे आली. परंतु मूळ कथा वाचल्यापासून मी गोंधळले आहे, कारण कुठे बापाच्या हातून मुलांची हत्या आहे, तर कुठे मुलीचे अपहरण. हे सारे गाळले तर आपण मुलांना खोटी गोष्ट सांगतो, असे आमच्या इमारतीतील एका आजोबांचे म्हणणे आहे. काय करावे?
– एक वाचक, खारघर, नवी मुंबई

उत्तर : आजोबांचा आक्षेप मोलाचा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. गोष्टीतला एखादा भाग मुलाचे वय पाहून राखून ठेवणे निराळे आणि गोष्टीचे कारणच फिरवणे निराळे. पूतनेची गोष्ट आपण चार वर्षांच्या नातवंडाला सांगतोच. तिने विष कसे पाजले याचे वर्णन आजी रंगवत बसत नाही, पण ती कृष्णाला मारायला आली होती हे लपवतही नाही. ग्रीक कथांनाही हाच निकष लावावा.

त्या निकषावर हर्क्युलिस सर्वांत अवघड ठरतो. हेरा देवीने घातलेल्या वेडाच्या भरात त्याने स्वतःच्या मुलांना मारले आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून बारा कामे केली, असे प्रसिद्ध कथारूप आहे. डिस्नेच्या १९९७ च्या चित्रपटात हेरालाच त्याची प्रेमळ आई केले आहे. त्यामुळे कथा गोड झाली, पण तिचा कणा गेला. या वयासाठी संपूर्ण हर्क्युलिस घेऊच नये. राजा ऑजियसचे वर्षानुवर्षे न झाडलेले गोठे त्याने नद्यांचे प्रवाह वळवून एका दिवसात धुऊन काढले, एवढाच प्रसंग घेतला तर निळ्या साड्यांच्या नद्या धरून डझनभर मुले एकदम धावू शकतील.

हात लावू त्याचे सोने व्हावे असा वर मागणाऱ्या मिडासच्या बाबतीत मात्र नवी भर घालूनही गोष्ट बिघडलेली नाही. आपल्याला ठाऊक असलेली, स्पर्शाने सोन्याची झालेली त्याची लाडकी मुलगी प्राचीन रोमन कवी ऑव्हिडच्या लॅटिन काव्यात नाही. तिथे राजाच्या हातातली भाकरी आणि घशाखाली उतरणारे मद्य सोन्याचे होते. मुलगी आणली ती अमेरिकन लेखक नथॅनिएल हॉथॉर्न यांनी, १८५१ साली मुलांसाठी प्रसिद्ध केलेल्या कथासंग्रहात. लोभामुळे संकट ओढवले हे कारण त्यांनी जागेवर ठेवले आणि त्याची किंमत मुलाला कळेल अशा ठिकाणी आणली. आजोबांना हे उदाहरण अवश्य सांगावे.

तरीही तिन्हींमधून एक निवडायची झाली तर मी पर्सेफनीची कथा निवडेन. डिमीटर ही धान्याची देवी. तिची लेक पर्सेफनी कुरणात फुले वेचत असताना जमीन दुभंगते आणि पाताळाचा राजा हेडीस तिला रथातून घेऊन जातो. हा क्षण काळ्या कापडाच्या एका झपाट्यात संपवावा. मात्र तिला तिच्या मनाविरुद्ध नेले, हे वाक्य सूत्रधाराच्या तोंडी ठेवावेच. हल्ली काही रूपांतरांत या अपहरणाची प्रेमकथा केलेली दिसते आणि मोठ्यांच्या साहित्यात त्यावर वाद घालता येईल. पाच वर्षांच्या मुलीपुढे मात्र ओढून नेणाऱ्याचा नवरदेव करू नये, असे माझे ठाम मत आहे.

पुढचा भाग हेच तुमचे खरे नाटक आहे. प्राचीन ग्रीक स्तोत्रात डिमीटर हाती मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्यावाचून लेकीला शोधत हिंडते. तुमच्या डिमीटरने दोन बॅटऱ्या घेऊन थेट प्रेक्षकांत यावे आणि एकेका मुलापाशी थांबून, ‘माझी लेक पाहिलीस का?’ असे विचारावे. बाजारात आईचा हात क्षणभर सुटलेला असतो त्या प्रत्येक मुलाला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. पुढे ती रुसते, शेते उगवेनाशी होतात, देवांनाही नमते घ्यावे लागते. लेक परत येते, पण पाताळात डाळिंबाचा दाणा खाल्ल्यामुळे वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खाली जावे लागते. हे परत जाणे कृपया गाळू नका. तिला कायमची घरी ठेवली तर ऋतू का बदलतात याचे उत्तरच कथेत उरत नाही, आणि गेलेली लेक ठरल्या वेळी परत येते हा दिलासाही मुलांना मिळत नाही. खारघरच्या डोंगरावरचे मे महिन्यातले करडे गवत आणि पावसानंतरची हिरवळ मुले खिडकीतून पाहतातच. कथा मात्र ग्रीसमध्येच राहू द्यावी, जोडायचे ते मुले जोडतील. नावेही बदलू नयेत. डायनासोरांची लांबलचक नावे घडाघडा म्हणणाऱ्यांना ‘पर्सेफनी’ जड जाणार नाही. सुरुवात ‘आटपाट नगर होते’ अशी केलीत तर समोर बसलेल्या आज्याही लगेच गोष्टीत येतील.

प्रयोगाच्या वेळी दिवे पूर्ण मालवू नयेत, सर्वांत लहान मुलांना पालकांजवळ सतरंजीवर बसवावे, आणि पडदा उघडण्यापूर्वी हेडीसची भूमिका करणाऱ्याने मुलांसमोरच काळा झगा अंगावर चढवावा.