आधी नागरिकत्व, मग सातारा

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. परवा मंडळाच्या संक्रांतीला तिळगूळ देता देता तू विचारलंस, "मावशी, ग्रीन कार्डाला पाच वर्षं होत आलीत, अमेरिकन सिटिझनशिपचा अर्ज करू की थांबू?" आणि लगेच पुढे म्हणालास, "बाबा थकलेत. दोन-एक वर्षांत साताऱ्याला जाऊन राहावंच लागेल. मग घाई कशाला?" त्या गर्दीत मी नुसती मान हलवली. पण रात्री झोप लागेना, कारण हेच वाक्य मी कितीतरी वर्षं म्हणत आले होते.

माझं कार्ड २००६चं. २०११ साली मी अर्ज करू शकत होते. केला नाही. निळा भारतीय पासपोर्ट हातातून जाणार, ही कल्पनाच सोसवत नव्हती. म्हटलं, काय अडलंय? २०१४च्या जानेवारीत सांगलीहून फोन आला, बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. मी तशीच निघाले. उजवी बाजू गेली होती, बोलणं अडखळत होतं. रोज सकाळी मी त्यांचा हात हातात घेऊन बोटं एकेक करून उघडायची, मिटायची. मे महिन्यात ते चमचा धरायला लागले. आणि तेव्हाच इकडच्या वकिलांचा निरोप आला: सहा महिन्यांच्या आत परत या, नाहीतर सलग वास्तव्य तुटलं असं धरतील आणि पुढे अर्ज करताना जड जाईल. शिवाय कार्डावर असताना असं लांब लांब राहत गेलात, तर विमानतळावरही प्रश्न विचारतील. मी १७२व्या दिवशी निघाले. निघताना बाबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं होतं. तीन आठवड्यांनी ते गेले. मी पोचले ती दहाव्याला.

जो पासपोर्ट जपायला मी तीन वर्षं अर्ज टाळला, त्यानं मला बाबांजवळ राहू दिलं नाही. नागरिकत्व घेतलेलं असतं, तर ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारतात येऊन राहायचा जो कायमचा परवाना मिळतो त्यावर, मी सांगलीत वर्षभर राहिले असते आणि माझे दिवस कुणी मोजले नसते. तुला मायेपोटी भारतात जाऊन राहायचं असेल, तर त्याच मायेपोटी आधी इथलं नागरिकत्व घे. ग्रीन कार्डवाल्याला इथेच राहावं लागतं. मोकळेपणानं परत जाऊन राहता येतं ते नागरिकाला.

आता तुझी तारीख. कार्डावर 'रेसिडेंट सिन्स' असं जे लिहिलेलं असतं, तिथपासून मोजायचं. तुझी १४ जून २०२१ आहे म्हणालास. म्हणजे पाच वर्षं २०२६च्या जूनमध्ये होतील, पण एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज नव्वद दिवस आधी देता येतो, म्हणजे मार्चच्या मध्यापासून. अगदी पहिल्याच दिवशी भरू नकोस. मोजणी एका दिवसानं चुकली तरी अर्ज परत येतो आणि वेळ जातो, म्हणून चार-पाच दिवस जाऊ दे. पाच वर्षांपैकी निम्मे, म्हणजे निदान ९१३ दिवस, तू प्रत्यक्ष या देशात असायला हवास. राज्य बदललं असेल तर नव्या ठिकाणी तीन महिने व्हायला हवेत. तुझ्या बाबतीत ते सगळं बसतं.

खरी अडचण प्रवासाच्या यादीची आहे. पाच वर्षांतला चोवीस तासांहून मोठा प्रत्येक परदेश प्रवास, गेल्याची आणि आल्याची तारीख, सगळं लिहावं लागतं. कॅनडात नायगारा बघायला गेला होतास आणि रात्री तिकडेच राहिला होतास, तर तेही. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर असलास तर 'घर, नोकरी, कर सगळं इथेच होतं' हे तुला सिद्ध करावं लागतं. वर्ष झालं तर मोजणी तुटलीच. रीएंट्री परमिट, म्हणजे लांब बाहेर राहून परत यायची आगाऊ परवानगी, काढून गेलं की चालतं, असं तुला कुणीतरी सांगितलंय. त्यानं कार्ड वाचतं, पण नागरिकत्वाची मोजणी वाचत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपल्या लोकांचा घोटाळा नेमका इथेच होतो.

फी २०२४च्या एप्रिलपासून ऑनलाइन ७१० डॉलर आणि कागदावर ७६० आहे. नागरिकत्वाच्या परीक्षेचं तू टेन्शन घेऊ नकोस. २० ऑक्टोबर २०२५पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतून वीसपर्यंत विचारतात, त्यातले बारा बरोबर यायला हवेत. तू एमपीएससीचा अभ्यास केलेला मुलगा आहेस.

एक गोष्ट मात्र जिवाला लावून घे. ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात मतदार नोंदणीचा प्रश्न समोर येतो. घाईत 'हो' वर खूण झाली, तर नागरिक नसताना मतदार म्हणून नोंद झाली असा त्याचा अर्थ होतो. मतदान केलंस तर अर्ज राहिला बाजूला, देशाबाहेर जायची पाळी येऊ शकते. एन-४००मध्ये हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. लायसन्सच्या वेळी काय भरलं होतंस, ते एकदा आठवून बघ.

तुझ्या गावाकडे चुलते म्हणतात ना, अमेरिकन झालास की जमीन गेली? तसं नाही. वारसाहक्कानं आलेली शेतजमीन ओसीआय असतानाही तुझ्याकडे राहते, सातबाऱ्यावर नाव लागतं. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण ती तुला आज एनआरआय म्हणूनही घेता येत नाही. मात्र बाबांना आत्ताच सांगून ठेव, जमीन तुझ्या नावे बक्षीसपत्रानं करू नका. शेतजमीन बक्षीस म्हणून घेता येत नाही, वारशानं घेता येते. मृत्युपत्र नीट करून ठेवा म्हणावं.

जातं ते मत. ओसीआयला मत नाही, निवडणूक लढवता येत नाही. आज तू निवडणुकीला गावी गेलास आणि यादीत नाव असलं तर मत देऊ शकतोस, उद्या नाही. याचं मला वाईट वाटतं आणि मी ते लपवत नाही. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही, १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपतं. नागरिक होताना घ्यायच्या शपथेत आधीच्या देशाची निष्ठा सोडतो असं वाक्य आहे, ते म्हणताना माझा घसा दाटला होता. शेजारी एक पंजाबी आजोबा उभे होते, त्यांनी पाठीवर हात ठेवला. मला तेव्हा भगतसिंग थिंद आठवले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचा गणवेश घातलेला तो माणूस, पण १९२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हिंदुस्थानी माणूस नागरिक होऊ शकत नाही. आपल्याला ही वाट कायद्यानं मोकळी झाली ती १९४६ साली. आज आपण करू का थांबू म्हणतो, तेव्हा मला हे विसरवत नाही.

थांबावं असं एकाच माणसाला मी सांगेन. ज्याला तीन-चार वर्षांत कायमचं परत जायचंय आणि पुन्हा इथे यायचंच नाही, त्यानं. कारण इथला नागरिक जगात कुठेही राहिला तरी दरवर्षी इथे टॅक्स रिटर्न भरत राहतो, भारतातल्या उत्पन्नासकट. कार्ड सोडणाऱ्यानंही गेल्या पंधरापैकी आठ वर्षं कार्डावर पुरी व्हायच्या आत सोडलेलं बरं, नाहीतर मालमत्ता बरीच असली तर जाताना वेगळा कर बसू शकतो. पण तू तसा नाहीस. तुला बाबांजवळ दोन वर्षं राहून मग परत यायचंय. तुझी नोकरी इथे आहे, आणि आई ज्या मुली बघतेय त्यातली कुणी तिकडची असली, तर नागरिकाच्या बायकोला ग्रीन कार्डासाठी कोट्याची रांग नसते, कार्डवाल्याच्या बायकोला असते.

आईबाबांचं ग्रीन कार्ड काढायचा विचार मात्र लगेच करू नकोस. नागरिक झाल्यावर ते करता येईल, पण त्यांनाही मग हीच दिवसांची मोजदाद लागते. तुझे बाबा इथल्या फेब्रुवारीत चार दिवस खिडकीशी बसले की रडकुंडीला येतात, मी बघितलंय. व्हिसावर येऊ देत, आंब्यांना परत जाऊ देत.

आणि शपथेनंतरचे आठवडे जप. शपथ घेतली की ग्रीन कार्ड तिथेच जमा होतं, आणि भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा ठरतो. अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट रद्द करून त्याचं प्रमाणपत्र, मग ओसीआय, या सगळ्याला वेळ लागतो. मधल्या काळात जायची वेळ आली तर भारताचा व्हिसा काढावा लागेल, त्यासाठीसुद्धा अमेरिकन पासपोर्ट आधी हवा. म्हणून शपथेच्या दुसऱ्याच दिवशी पासपोर्टचा अर्ज टाक, आणि त्या दोन-तीन महिन्यांत साताऱ्याचं तिकीट काढू नकोस. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन त्याच्या आधी किंवा नंतर ठरवा. आधी जाणार असलास तर सहा महिन्यांच्या खूप आत परत ये.

रद्द झालेला पासपोर्ट परत मिळतो. माझा कोपरा कापलेला आहे, शेवटच्या पानांवर २०१४चे दोन शिक्के आहेत, एक बाबांकडे गेले तेव्हाचा आणि एक दहाव्याला गेले तेव्हाचा. देवघराच्या कपाटात ठेवलाय.

रविवारी सकाळी घरी ये. सगळे पासपोर्ट घेऊन ये, त्यातला मुदत संपलेलाही आण, विमानाच्या तिकिटांचे ईमेल काढून ठेव. टेबलावर बसून तुझ्या प्रवासाची यादी मी स्वतः तारखा लावून करून देते. पोहे करते, उपाशी निघ.

तुझी,
मावशी