सुप्रीम कमांडर घेऊ का?

प्रश्न : सर, मी सांगलीत विश्रामबागला राहतो, इंजिनिअरिंगला आहे. स्टारक्राफ्ट भरपूर खेळून झालं, आता मित्र म्हणतोय २००७ चा सुप्रीम कमांडर हा युद्धाचा स्ट्रॅटेजी गेम घे. एवढं काय आहे त्यात? आणि जुन्या लॅपटॉपवर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घे की मित्रा, बिनधास्त घे! माउसचं चाक मागं फिरवलंस की अख्खा नकाशा एका स्क्रीनवर येतो, रणगाडे-विमानं सगळी बारकी चिन्हं होतात आणि तिथूनच ऑर्डर देता येते, परत चाक पुढं केलं की थेट एका रोबोटजवळ, ही सोय एकदा अंगवळणी पडली की बाकीचे गेम कोंदट वाटायला लागतात खरंच. सगळ्यात मोठा नकाशा ८१ बाय ८१ किलोमीटरचा आहे.

खरी परीक्षा इकॉनॉमीची. मास आणि एनर्जी ही बांधकामाला लागणारी दोन साधनं सतत वाहत असतात, पैसे आधी भरायचे नसतात, बांधकाम चालेल तसा खर्च वजा होतो, त्यामुळं हावरटासारखे दहा कारखाने लावलेस की सगळंच रखडतं, एनर्जी संपली तर तळाचं रक्षण करणारी शिल्डपण पडतात आणि नेमका तेव्हाच शत्रू येतो.

आता उणीवा. गेममध्ये लढणाऱ्या तिन्ही बाजूंची सुरुवातीची युनिट्स (रणगाडे, विमानं वगैरे) बरीचशी सारखीच, स्टारक्राफ्टसारखा वेगळेपणा नाही. मोठा घोळका अरुंद वाटेत अडकतो, तेव्हा चीड येते. आणि लॅपटॉप म्हणशील तर ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसर बघ, शेकडो युनिट्स झाली की गेम मंदावतो, ऑनलाइनला तर एकाचं मशीन स्लो असलं की सगळ्यांचाच खेळ स्लो. आधी छोटे नकाशे खेळ. आणि जमलं तर फोर्ज्ड अलायन्स हा याच गेमचा स्वतंत्रपणे चालणारा वाढीव भागच घे, त्यात सेराफिम ही चौथी बाजूपण मिळते.