स्टेशनाबाहेरचा एक किलोमीटर

चौतीस वर्षं मी डोंबिवली ते फोर्ट अशी ये-जा केली. आता निवृत्त आहे, पण आठवड्यातून एकदा तरी बोरीबंदरला उतरते. (सीएसएमटी म्हणायची सवय लागली आहे, पण मनातल्या मनात अजून बोरीबंदरच येतं.) गेल्या अंकात मी लिहिलं होतं की, दक्षिण मुंबईत बसने, लोकलने, मेट्रोने फिरताना अडलेलं काही असेल तर कळवा. पत्रं भरपूर आली. वाचताना एक गोष्ट लक्षात आली. गाडी कुठून सुटते, किती वाजता सुटते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पाय अडखळतात ते स्टेशनाबाहेर पडल्यावर, शेवटच्या त्या एका किलोमीटरमध्ये.

कराडहून एका वाचकाचं पत्र: *आईचं वय ७६, दोन्ही गुडघे दुखतात. मरीन लाइन्सजवळच्या रुग्णालयात तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसने येऊ. भाऊ म्हणतो, दादरला उतरा, तिथून चर्चगेटची लोकल थेट मरीन लाइन्सला जाते. नंतर आठवडाभर गिरगावात मावशीकडे मुक्काम आहे. भावाचं ऐकू का?*

नका ऐकू. नकाशावर त्याचं बरोबर आहे, पण आईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. दादरला उतरलात की मध्य रेल्वेच्या फलाटावरून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जायला पूल चढायचा, उतरायचा. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, पण सकाळच्या गर्दीत सामान आणि आई दोन्ही सांभाळत तिथपर्यंत पोचणं हेच मोठं काम. पुढे मरीन लाइन्सला पुन्हा जिना. शिवाय तिथे जलद लोकल थांबत नाही, धिमीच पकडावी लागते.

त्यापेक्षा गाडीत बसून राहा आणि सीएसएमटीला उतरा. हे शेवटचं स्टेशन आहे, रूळ तिथेच संपतात. त्यामुळे फलाटावरून सरळ चालत बाहेर येता येतं, एकही पायरी नाही. चर्चगेटचंही तसंच आहे. म्हाताऱ्या माणसाला घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, की मधल्या स्टेशनावर उतरण्यापेक्षा टोकाच्या स्टेशनावर उतरा, भले थोडं उलट यावं लागलं तरी. सीएसएमटीला अठरा फलाट आहेत. पहिले सात लोकलचे, पुढचे अकरा लांबच्या गाड्यांचे. तुमची गाडी आठच्या पुढे लागेल. बाहेर काळी-पिवळी टॅक्सी करा आणि मीटरने चला. रिक्षा शोधू नका, शीव-माहीमच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगी नाही. मी बसची माणूस आहे, पण या एका फेरीसाठी टॅक्सीच घ्या.

परतताना मात्र मावशींच्या घरून मेट्रो ३ घ्या. गिरगाव, मग काळबादेवी, मग सीएसएमटी, म्हणजे फक्त दोन स्टेशनं. रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट आहे. कोणत्या दाराशी लिफ्ट आहे ते आदल्या दिवशी मावशींकडच्या कुणालातरी बघून यायला सांगा. प्रत्येक दाराला लिफ्ट नसते, आणि चुकीच्या दाराशी पोचलात तर रस्ता ओलांडून परत फिरावं लागतं.

नाशिकहून एका वाचक मुलीचं पत्र: *काकू, नरिमन पॉइंटला नोकरी लागली. परळला एक खोली बघितली आहे, दादर पश्चिमेला दुसरी. भाडं जवळपास सारखंच. कुठली घेऊ?*

आधी अभिनंदन. आता दोन्ही ठिकाणांहून सकाळ कशी जाईल ते सांगते, मग तूच ठरव.

परळ स्टेशन मध्य रेल्वेचं. तिथून लोकल तुला सीएसएमटीला नेईल आणि तिथून नरिमन पॉइंट लांब पडतं. म्हणून परळची माणसं पूल ओलांडून शेजारच्या प्रभादेवी स्टेशनात जातात, ते पश्चिम रेल्वेचं. प्रभादेवीला फक्त धिमी लोकल थांबते, पण चर्चगेटच्या दिशेने सकाळी ती सुसह्य असते, कारण उपनगरातून आलेली बरीच गर्दी दादर, प्रभादेवी, लोअर परळला उतरते. वाहनांचा जुना पूल पाडण्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला, तेव्हापासून पादचारी पुलाचंच महत्त्व वाढलं आहे.

या पुलांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. प्रभादेवीचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं तेव्हा, २९ सप्टेंबर २०१७ ला, सकाळी अचानक पाऊस आला. जिन्यावर लोक पाऊस थांबायची वाट बघत उभे राहिले, खालून गाड्यांतून उतरलेली माणसं चढतच राहिली आणि चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. बरीचशी तुझ्या-माझ्यासारखी ऑफिसला निघालेली. त्यानंतर लष्कराने तिथे नवा पूल बांधून दिला. तरी तू एवढं पाळ. जिन्यावर कधीही थांबू नकोस, छत्री उघडायला नाही, फोन घ्यायला तर नाहीच. जिना भरलेला दिसला तर फलाटावरच बाजूला उभी राहा आणि दोन मिनिटं जाऊ दे. उशीर झाला म्हणून बोलणी खावी लागली तरी चालतील.

दादर पश्चिमेहून तुला दोन रस्ते आहेत. एक, पश्चिम रेल्वेने चर्चगेट. जलद लोकल मध्ये फक्त मुंबई सेंट्रलला थांबते. दुसरा, मेट्रो ३, दादरहून थेट विधान भवन, आणि तिथून नरिमन पॉइंटची ऑफिसं चालत. मेट्रोला पैसे जास्त पडतात. लोकलचं किमान भाडं पाच रुपये आहे आणि मासिक पास काढलास तर रोजचा खर्च फारच कमी. मी तुझ्या जागी असते तर दादरची खोली घेतली असती, पास लोकलचा काढला असता आणि मुसळधार पावसाच्या दिवशी, अंगात ताप असेल त्या दिवशी मेट्रो घेतली असती. दोन रस्ते हाताशी असलेलं घर हे या शहरात मोठं सुख आहे.

चर्चगेटहून पुढे सबवेतून बाहेर आलीस की अहिल्याबाई होळकर चौकाचा थांबा. तिथून बस, नाहीतर पंधरा-वीस मिनिटं चाल. आणि दादरला फलाटांच्या क्रमांकांत गोंधळू नकोस. पूर्वी पश्चिम आणि मध्य दोन्हींकडे एक-दोन-तीन असेच आकडे होते आणि नवखी माणसं हमखास भलत्या फलाटावर जायची. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे एक ते सात, मध्यचे आठ ते चौदा. फार चांगलं काम झालं ते.

कल्याणहून: *मुलांना डबल डेकरमध्ये बसवायचं आहे. रविवारी येऊ. एक वाचक आई.*

जरूर या. पण आधी मेगाब्लॉक बघा. रविवारी साधारण अकरा ते चार रुळांची कामं चालतात आणि गाड्या उशिराने धावतात. शनिवारच्या वर्तमानपत्रात वेळा छापून येतात. सकाळी दहाच्या आत सीएसएमटी गाठा आणि पाचनंतरच परत निघा.

ए-११५ ही बस सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रापर्यंत जाते. (आकड्याआधीचा ए म्हणजे वातानुकूलित, आणखी तिघांनी हेच विचारलं होतं.) विजेवर चालणारी ही डबल डेकर फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जुन्या लाल, खिडक्या उघड्या असलेल्या डबल डेकर बंद झाल्या. नवीला वर जायला दोन जिने आहेत. मुलांना वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसवा. ती जागा मिळाली नाही तर पुढच्या बसपर्यंत थांबा, मुलं त्याचसाठी आली आहेत.

एनसीपीएला उतरून समुद्राच्या कडेने चर्चगेटपर्यंत चालत या. मग मेट्रो ३ ने एकच स्टेशन, हुतात्मा चौक. तिथून काळा घोड्यावरून संग्रहालय आणि पुढे गेटवे. लोकल, बस, मेट्रो आणि पाय, एका दिवसात सगळं झालं. बसचं भाडं मे २०२५ पासून पाच किलोमीटरपर्यंत साध्या बसला दहा आणि वातानुकूलितला बारा रुपये आहे. दिवसभर बसनेच फिरणार असाल तर पंचाहत्तर रुपयांचा दिवसाचा पास असतो. पण तुमच्या बेतात तो काढायची गरज नाही.

मुलांना हेही सांगा की, मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ ला धावली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. म्हणजे तुम्ही बसणार त्याच भागात.

ठाण्याहून एका वडिलांचं पत्र: *मुलाची फोर्टात पहिलीच नोकरी. पावसात लोकल बंद पडल्या तर त्याने काय करावं?*

जिथे आहे तिथे थांबावं. हे मी २६ जुलै २००५ ला शिकले. मंगळवार होता. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून बघितलं तर पाऊस साधाच. नंतर कळलं, त्या दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर पडला आणि सांताक्रूझला ९४४. एकाच शहरात! त्यामुळे फोर्टातल्या आम्हाला कल्पनाच नव्हती. साडेचारला निघाले, बोरीबंदरच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नाही आणि इंडिकेटर कोरे. काही मैत्रिणी चालत निघाल्या. मी दोन तास उभी राहिले आणि परत ऑफिसात गेले. शिपाईमामांनी टेबलं जोडून दिली, खालच्या टपरीवाल्याने रात्री चहा आणि पाव आणून दिले. घरी पोचले ती गुरुवारी दुपारी. चालत गेलेल्यांपैकी एक मैत्रीण कुर्ल्याला छातीभर पाण्यात अडकली होती. वाचली, पण तिला ते पुढे कित्येक वर्षं स्वप्नात दिसायचं.

तेव्हा मुलाला सांगा की, बंद पडलेल्या लोकलमधून रुळांवर उतरायचं नाही. ऑफिसच्या खणात एक कपड्यांचा जोड, टॉवेल, लागतील ती औषधं आणि चार्जर कायम ठेवायचा. मध्य रेल्वे बंद असेल आणि पश्चिम चालू असेल तरी दादरपर्यंत जाऊन तिथे अडकण्यात अर्थ नाही. हिंदमाता आणि दादर टीटी हे पाणी तुंबणारेच भाग आहेत. मध्यचं पुढे सुरू झाल्याचं कळलं तरच निघायचं. आणि फोर्टात ऊन असलं तरी घरी फोन करून ठाण्याला काय चाललंय ते विचारायचं.

गिरगावहून एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र: *ताई, वय ८१. घरासमोर थांबा आहे. पूर्वी दहा मिनिटांत बस यायची, आता पाऊण-पाऊण तास उभा राहतो. मुलगा म्हणतो, मेट्रो आली आहे, तिने जा. मला बस हवी आहे. यात माझा हट्ट आहे का?*

नाही, काका. यात हट्ट काहीच नाही.

मेट्रो उत्तम झाली आहे. आरे ते कफ परेड साडेतेहतीस किलोमीटर, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू. पण ती जमिनीखाली आहे. तुम्हाला दोन गल्ल्यांपलीकडे बँकेत जायचं असेल तर खाली उतरा, तपासणी करा, लांबलचक वाट चाला, पुन्हा वर या, यातच दम जातो. बस घरासमोरून उचलते आणि बँकेसमोर सोडते. ती दर दोनशे-तीनशे मीटरवर थांबते हाच तिचा गुण आहे. मेट्रो लांब जायला, बस जवळ जायला. एक आली म्हणून दुसरी काढून घेतली तर तुमच्यासारख्यांना घरातच बसावं लागेल, आणि ते मला मान्य नाही. बेस्टच्या गाड्या गेल्या काही वर्षांत फार कमी झाल्या आहेत. याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझे सासरे ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेलेल्या शेवटच्या ट्रामला निरोप द्यायला रस्त्यावर उभे होते. ते म्हणायचे, आम्ही सगळे हात हलवत होतो, पण ती बंद का करता असं कुणीच विचारलं नाही. बसच्या बाबतीत मला आपण विचारायला हवं आहे.

तोवर एक सोय करून घ्या. नातवंडांकडून फोनवर चलो ॲप घालून घ्या. बस कुठवर आली ते त्यात दिसतं, म्हणजे थांब्यावर उभं राहण्याऐवजी घरात बसून वाट बघता येईल. आणि एक वही करा. कुठल्या क्रमांकाची बस, किती वाजता आलात, किती वाजता आली, एवढंच लिहायचं. "बस येत नाही" असं पत्र आगारात पडून राहतं. तारीख-वेळेसकट पंधरा दिवसांचं टिपण असेल तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

पुढच्या महिन्यात पहिल्या मंगळवारी मी गिरगावात येते आहे. सकाळी दहा ते बारा तुमच्या थांब्यावर उभी राहीन. तुमची वही घेऊन या, मी माझी आणते. दोन्ही जुळवून एकच अर्ज करू आणि त्यावर थांब्यावरच्या इतरांच्याही सह्या घेऊ. बसायला घडीची खुर्ची मी घेऊन येते.