अहवालात न दिसणारे खडे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चराईच्या माळावरची माती तपासून घेतली, सामू (पीएच) ८.३, मुक्त चुना (कॅल्शियम कार्बोनेट) १८ टक्के, पोत दुमट, म्हणजे फार वाळूही नाही आणि फार चिकणही नाही. तरी पाऊस उघडला की आठवडाभरात गवत माना टाकतं, पिवळं पडतं. तर जिप्सम टाकावं की गंधक? शिवाय आसपास चुनखडीचा खडक नसताना एवढा चुना आला कुठून?

आधी अहवालाबद्दल. प्रयोगशाळेत माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात आणि खाली पडते तेवढीच तपासतात. वर राहिलेले खडे सहसा हिशेबात धरत नाहीत. म्हणजे 'दुमट' हा शेरा खड्यांमधल्या मातीबद्दल आहे, तुमच्या जमिनीबद्दल नाही. खणताना निम्मे खडेच निघतात असं तुम्हीच लिहिलंय. आकारमानाने १५ टक्क्यांच्या वर खडे असले की जमीन खडेयुक्त धरतात, ३५ च्या वर गेले की अति खडेयुक्त. तुमची दुसऱ्या गटातली दिसते.

आता पाण्याचा हिशेब करा. दुमट माती मीटरभर खोलीत झाडांना घेता येईल असं साधारण १५० मिलिमीटर पाणी धरते. तुमच्याकडे ४० सेंटिमीटरवर कठीण थर लागतो, म्हणजे ६० मिलिमीटर. त्यात निम्मे खडे, म्हणजे उरले ३०. वाढीला लागलेलं गवत दिवसाला ४-५ मिलिमीटर सहज ओढतं. आठवड्यात पिवळं पडण्याचं कारण इथेच मिळालं, त्यासाठी चुन्याला दोष द्यायची गरज नाही.

म्हणून पहिलं काम खडे मोजण्याचं. एक चौकोनी खड्डा घ्या, निघालेलं सगळं ताडपत्रीवर ठेवा. खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून काठोकाठ पाणी भरा, किती लिटर बसलं ते लिहा. मग माल चाळा, खडे धुऊन, पुसून, काठोकाठ भरलेल्या बादलीत सोडा आणि सांडलेलं पाणी मोजा. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की खड्यांचं प्रमाण आलं. नुसतं वजन करू नका. खडा मातीपेक्षा जड, त्यामुळे वजनावरून टक्केवारी फुगते.

खड्यांची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. २० मिलिमीटरचा पाऊस कोरड्या दुमट मातीत जेमतेम १३ सेंटिमीटर उतरतो. निम्मे खडे असतील तर तेवढंच पाणी २६ सेंटिमीटरपर्यंत जातं, कारण भिजवायला माती कमी. वरचा पट्टा उन्हाने लवकर सुकतो, खालची ओल टिकते. परिसंस्थांचे अभ्यासक इमॅन्युएल नॉय-मीर यांनी १९७३ साली हेच मांडलं होतं: पावसाच्या प्रदेशात भारी (चिकण) माती सरस, पण वर्षाचा पाऊस साधारण ३०० ते ५०० मिलिमीटरच्या खाली गेला की पारडं भरड मातीकडे झुकतं. वर सुटे पडलेले खडे थेंबांचा मारही झेलतात. म्हणून माळ 'साफ' करायच्या नादात ते वेचू नका. पपडीत घट्ट रुतून बसलेल्या खड्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यावरून पाणी वाहून जातं.

आता चुना. तो जागच्या खडकातूनच यायला हवा असं नाही. बराचसा वाऱ्याने आलेल्या धुळीतून आणि पावसातून येतो. मुळांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी किंचित आम्ल होतं, चुना विरघळवून खाली नेतं, आणि पाणी जिथे संपतं तिथे चुना साचतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी भागात गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन या मृदाशास्त्रज्ञांनी याचे टप्पे लावले, १९६६ साली. खडेयुक्त जमिनीत ते असे: आधी खड्यावर तुटक पातळ लेप, मग अखंड लेप, मग खड्यांमधल्या फटी बुजतात, शेवटी थर पाणी अडवू लागला की त्याच्यावर पापुद्र्यासारखा गुळगुळीत थर चढतो. बिनखड्याच्या मातीपेक्षा हे लवकर घडतं, कारण बुजायला पोकळीच कमी.

हे हाताशी पाहता येतं. खड्ड्याच्या भिंतीतला खडा काढण्याआधी त्याच्या वरच्या बाजूला खूण करा. काढून उलटा. पांढरा लेप बहुधा खालच्या अंगाला जाड सापडेल, कारण पाणी खड्याच्या पोटाशी थबकून सुकतं. लेप वर असेल तर खडा कधीतरी उलटलाय. कठीण थराचा सुका तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा: सुटून ढिगारा झाला तर तो नुसता घट्ट बसलेला, तसाच राहिला पण सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात फसफसून सुटला तर चुन्याने जखडलेला. असा थर दरवेळी शत्रूच असतो असंही नाही. न्यू मेक्सिकोतल्याच होर्नाडा कुरणात तो पाणी शोषून झाडांसाठी धरून ठेवतो असं दिसलंय.

जिप्समचा इथे उपयोग नाही. ते सोडियमने बिघडलेल्या जमिनीसाठी, आणि तिथे सामू सहसा ८.५ च्या वर असतो. तुमचा ८.३ चुन्यामुळे आहे आणि कॅल्शियम तर उतू चाललंय. गंधकाचं गणित अजून वाईट. त्याचं मातीत आम्ल होतं आणि ते चुना मारतं, पण १०० किलो चुना मारायला ३२ किलो गंधक लागतं. हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये निम्मे खडे धरले तरी सुमारे १,००० टन माती, तिच्यात १८० टन चुना. म्हणजे ५७-५८ टन गंधक! चुना संपेपर्यंत सामू जागचा हलणार नाही. आणि वाऱ्यावर धूळ येतच राहणार.

चुन्याचा खरा त्रास स्फुरद (फॉस्फरस), लोह आणि जस्त अडकण्यात. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर तो लोहाच्या कमतरतेचा केवडा; पाण्याच्या ताणाने सुकणारं पान टोकाकडून वाळतं. तुमचं कसं पिवळं पडतं ते आधी नीट पाहा. स्फुरद ओल्सन पद्धतीने तपासलाय का तेही विचारा. ब्रे पद्धतीतलं आम्ल अशा मातीत चुनाच खाऊन टाकतो आणि आकडा फसवा येतो.

खोल नांगरट करू नका. खालचा चुना वर येईल आणि गवताचं मूळ तुटेल ते वेगळंच. पावसानंतर कोवळ्या फुटीवर जनावरं सोडण्याची घाई टाळा, इथे सुधारणेला सगळ्यात जास्त वाव तिथेच आहे. झाडं लावायची असतील तर थराला भेगा कुठे आहेत ते पहारीने चाचपून तिथेच खड्डे घ्या.

उताराच्या वर, मध्ये आणि खाली असे तीन खड्डे घेऊन खड्यांचं प्रमाण आणि थराची खोली इथे टाका. खालच्या अंगाला माती जाड निघाली तर चराईची आखणी वेगळी करावी लागेल.