अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफसाठी संघ कसे निवडायला हवेत?

आधी माझा पक्ष सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी टोमणा मारायला नको. 2014 च्या ऑगस्टमध्ये मी एमएस करायला ओहायो राज्यातल्या कोलंबसला आलो आणि इथेच राहिलो, त्यामुळे ओहायो स्टेट हा आमचा संघ. प्लेऑफच्या पहिल्याच वर्षी समितीच्या मर्जीचा सगळ्यात मोठा फायदा आमच्याच संघाला झाला. तरीही, संघ समितीने निवडावेत की मैदानावरच्या निकालांवरून ठरावेत या तुमच्या प्रश्नावर माझं मत निकालांच्या बाजूने आहे.

समिती मुळात लागते कशाला, ते ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा हेल्मेट घालून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल. वरच्या स्तरावर 2025 मध्ये 136 विद्यापीठांचे संघ होते आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला सामने येतात जेमतेम 12. संघ वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटांमध्ये, वाटलेले. बिग टेनमध्ये (नावावर जाऊ नका) 18 संघ, एसईसीमध्ये (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) 16. म्हणजे एकाच कॉन्फरन्समधले संघसुद्धा सगळे एकमेकांशी खेळत नाहीत. आयपीएलसारखा एक गुणतक्ता लावून वरचे चार उचलले, असं इथे होऊच शकत नाही. 1998 ते 2013 पर्यंत मतदान आणि संगणक यांची खिचडी करून फक्त दोन संघ अंतिम सामन्याला निवडायचे. 2014 पासून चार झाले, 2024 पासून बारा. निवडणारी 13 जणांची समिती टेक्ससमधल्या ग्रेपवाइन गावी एका हॉटेलात दार लावून बसते. एखाद्या सदस्याच्या स्वतःच्या विद्यापीठाची चर्चा निघाली की त्याला उठून बाहेर जावं लागतं, एवढी काळजी मात्र घेतात. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत दर मंगळवारी रात्री टीव्हीवर क्रमवारी जाहीर होते आणि बुधवारी ऑफिसात कुणाचं कामात लक्ष नसतं.

आता 7 डिसेंबर 2014 चा रविवार. आमच्या लॅबमधल्या दहाबारा जणांनी डिपार्टमेंटच्या बैठकीच्या खोलीत टीव्ही लावला होता. त्यातला एक जण टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचा, टीसीयूचा (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) जुना विद्यार्थी, जांभळा स्वेटशर्ट घालून आलेला. मंगळवारच्या क्रमवारीत टीसीयू तिसरा होता आणि ओहायो स्टेट पाचवा. शनिवारी टीसीयूने आयोवा स्टेटला 55-3 असं धुतलं, तर आम्ही बिग टेनच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनला 59-0. चौथं नाव ओहायो स्टेटचं आलं. खोलीत आरडाओरडा. त्या गडबडीत तो पोरगा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन खालची नावं वाचत होता. पाचवा बेलर, सहावा टीसीयू. 52 गुणांनी जिंकून तीन जागा खाली! त्याने मला शांतपणे विचारलं, "आम्ही काल काय करायला हवं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

(त्याच्या कॉन्फरन्सने तेव्हा अंतिम सामना ठेवला नव्हता, टीसीयू आणि बेलर दोघांनाही विजेते म्हणून पुढे केलं, हेही खरं. बेलरने टीसीयूला 61-58 हरवलं होतं, तेव्हा एकालाच विजेता म्हणायला काय हरकत होती कुणास ठाऊक.)

पण मला खरा खटकतो तो 2023 चा निर्णय, आणि तो 2014 च्या शेजारी ठेवून पाहायला हवा. 2014 मध्ये मिशिगनविरुद्ध आमच्या क्वार्टरबॅकचा (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) घोटा मोडला. त्याआधीचा ऑगस्टमध्येच जायबंदी. विस्कॉन्सिनविरुद्ध उतरला तो तिसऱ्या फळीतला कार्डेल जोन्स. समितीने 59-0 पाहून संघ आत घेतला आणि त्याच जोन्सला घेऊन आम्ही अलाबामा आणि मग ऑरेगॉनला हरवून विजेते झालो. नऊ वर्षांनी फ्लोरिडा स्टेटच्या क्वार्टरबॅकचा पाय नोव्हेंबरात मोडला. तेही कॉन्फरन्सचा अंतिम सामना तिसऱ्या क्वार्टरबॅकवर खेळले, लुइव्हिलला 16-6 हरवलं. 13 पैकी 13 विजय, कॉन्फरन्सचे विजेते, आणि बाहेर! कारण काय, तर क्वार्टरबॅक नसल्यामुळे संघ आता पूर्वीचा राहिला नाही. एक पराभव असलेला अलाबामा आत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय म्हणणार याला?

लोक म्हणतात, बघा, पुढे फ्लोरिडा स्टेट जॉर्जियाकडून 63-3 हरलेच ना. अहो, प्लेऑफ हुकल्यावर निम्म्या शिम्म्या खेळाडूंनी त्या सामन्यातून अंग काढून घेतलं होतं. त्या निकालावरून काय सिद्ध होणार?

गोम इथे आहे. समिती 'सगळ्यात चांगले' संघ शोधते. चांगला म्हणजे उद्या खेळला तर जिंकेल असा, म्हणजे अंदाज. मला वाटतं जागा अंदाजावर नाही, झालेल्या कामगिरीवर मिळावी. आपल्याकडचं उदाहरण घ्या. जानेवारी 2023 मध्ये रणजीत मुंबई आणि महाराष्ट्र ब्रेबॉर्नवर भिडले. पहिल्या डावात दोघांच्या धावा 384! आघाडी कुणालाच नाही, सामना अनिर्णित, आणि दोन्ही संघ बाद फेरीबाहेर. जिवाला लागलं, पण मुंबईचा संघ मुळात भारी आहे म्हणून त्याला आत घ्या, असं म्हणायला कुणी समिती बसली नाही. नियम आधीपासून सगळ्यांना माहीत होता.

मग 12 जागा भरायच्या कशा? 2024 आणि 2025 मध्ये पाच जागा सर्वोच्च क्रमांकाच्या कॉन्फरन्स विजेत्यांना मिळाल्या, उरलेल्या सात इतरांना. ही रचना मला ठीक वाटते. बिघडतं ते इतकंच की क्रमांकही समितीच लावते. त्याऐवजी क्रमांक एका उघड सूत्राने लावावा: विजय, प्रतिस्पर्ध्यांची ताकद, सामना कुणाच्या मैदानावर झाला. सूत्र ऑगस्टमध्ये छापून टाका आणि डिसेंबरपर्यंत हात लावू नका. जुन्या संगणकांवर लोक चिडायचे, कारण बहुतेकांचं सूत्र कुणाला पाहायलाच मिळत नव्हतं. अमेरिकेतल्याच कॉलेज आइस हॉकीत वर्षानुवर्षं पेअरवाइज नावाच्या उघड हिशेबाने संघ निवडले गेले. शेवटच्या शनिवारी रात्री हॉकीवाले घरबसल्या आकडेमोड करून आपला संघ आत की बाहेर ते सांगायचे. भांडणं तिथेही होतात, पण सूत्रावर होतात, माणसांवर नाही.

सूत्राच्या जोडीला दोन नियम मी हट्टाने घालीन. दोन संघांचे पराभव सारखे असतील आणि ते एकमेकांशी खेळलेले असतील, तर जिंकलेला वर. 2025 मध्ये हाच घोळ झाला. मायामी आणि नोत्र दाम दोघेही 10-2 (दहा विजय, दोन पराभव), आणि मायामीने ऑगस्टमध्येच नोत्र दामला 27-24 हरवलेलं. तरी कितीतरी आठवडे नोत्र दाम वर होता. अगदी शेवटच्या रविवारी समितीला तो सामना आठवला, मायामी आत गेला, आणि नोत्र दामने रुसून दुसरा कुठलाच बोल सामना (प्लेऑफबाहेरच्या संघांना हंगामानंतर निमंत्रणाने मिळतो तो) खेळायला नकार दिला. मायामी पुढे थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला, इंडियानाकडून हरला. निकाल बरोबर लागला, पण पाच आठवडे चुकीची आशा कशाला दाखवायची?

दुसरा नियम, जखमी खेळाडूंचा विचार करायचाच नाही. कोण आजारी आहे ते प्रशिक्षकाने बघावं.

ट्यूलेन किंवा जेम्स मॅडिसनसारख्या छोट्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना घेऊ नका, एकतर्फी हरतात, असंही ऐकू येतं. 2025 मध्ये दोघेही पहिल्या फेरीत हरले, कबूल. पण मोठ्यांची अवस्था? 2022 मध्ये टीसीयू अंतिम सामन्यात 65-7 हरला. त्याच वर्षी कॉन्फरन्सचा अंतिम सामना हरूनही टीसीयू तिसऱ्यावर कायम होता, बरं का. फोर्ट वर्थच्या त्या मित्राचा त्या रविवारी फोन आला, नुसता हसत होता.

राहता राहिला बाय. पहिल्या चार संघांना पहिली फेरी माफ असते, ते मोठं बक्षीस समजतात. 2024 मध्ये बाय मिळालेले चारही संघ पहिलाच सामना हरले, 2025 मध्ये चारपैकी तीन. तीन आठवडे बसून राहायचं आणि मग दूरच्या तटस्थ मैदानावर जाऊन खेळायचं. याउलट 21 डिसेंबर 2024 च्या रात्री टेनेसी आमच्याकडे पहिल्या फेरीला आला. हाडं गोठवणारी थंडी. माझ्या पुढच्या रांगेत नारिंगी टोप्यांतलं एक कुटुंब एकाच घोंगडीत चौघं बसलेलं. आम्ही 42-17 जिंकलो, आणि पुढे विजेतेपदही आठव्या मानांकनावरून आणलं. बाय द्यायचा तर द्या, पण बाय मिळालेल्या चार संघांचा उपांत्यपूर्व सामना त्यांच्याच गावात ठेवा.